बारा पाहुणे, दोन बर्नर आणि रोजचाच स्वयंपाक

आमसूल (धागाकर्ती)

नमस्कार. येत्या रविवारी दुपारी आमच्याकडे बारा माणसे जेवायला येणार आहेत. सण नाही, वाढदिवस नाही. यजमानांचे दोन जुने सहकारी, त्यांची कुटुंबे, माझी नणंद आणि तिच्या सासूबाई एवढाच गोतावळा आहे. स्वयंपाकघरात दोन बर्नरची शेगडी, एक पाच लिटरचा कुकर, एक मोठे जाड बुडाचे पातेले आणि मदतीला अधूनमधून डोकावणारा कॉलेजातला मुलगा. असे जेवण मी गेली काही वर्षे करते आहे आणि त्यातून माझा एक नियम पक्का झाला आहे. तो इथे मांडते. तुमचे अनुभव वेगळे असतील तर जरूर लिहावेत.

पाहुण्यांसाठी वेगळे, अनोळखी, चित्रात पाहिलेले पदार्थ करायला जाऊ नये. जे आपण घरी महिन्यातून दोनदा करतोच तेच करावे, परंतु बेत ठरवताना चवीच्या आधी घड्याळ पाहावे. कोणता पदार्थ आदल्या दिवशी झाला तर बिघडत नाही, कोणता सकाळी करून निवला तरी चालतो आणि कोणता गरमच हवा, याचा विचार करून दाराची घंटा वाजल्यानंतर गॅसवर फक्त एक पदार्थ शिल्लक राहील असा बेत आखावा. दोन पदार्थ शिल्लक राहिले की गृहिणी स्वयंपाकघरात आणि पाहुणे बाहेर, असे होते आणि मग ज्यांना गप्पांसाठी बोलावले त्यांच्याशी आपले बोलणे "आणखी वाढू का?" यापलीकडे जात नाही.

रविवारचा बेत असा ठरवला आहे: मसालेभात, मठ्ठा, बटाट्याची पिवळी भाजी, खमंग काकडी, कोथिंबीरवडी, पोळ्या आणि श्रीखंड. शेवटचा पदार्थ म्हणजे कोथिंबीरवडी तळणे.

श्रीखंडाचा चक्का शुक्रवारी रात्री बांधायचा आणि शनिवारी सकाळी साखर मिसळून ठेवायची. पूर्वी आमच्याकडे चक्क्याइतकीच साखर घालत असत; आता मी किलोभर चक्क्याला पाऊण किलो घालते, आणि चक्का आंबट नसेल तर त्याहूनही थोडी कमी. साखर घातल्याबरोबर पुरणयंत्रातून काढण्याची घाई करू नये. दोन तास तसेच झाकून ठेवले की साखर आपोआप विरघळते आणि यंत्राची मूठ फिरवणाऱ्याचे दंड वाचतात. केशर कोमट दुधात भिजवून, वेलची आणि जायफळ शेवटी. शनिवारी केलेले श्रीखंड रविवारी जास्त चांगले लागते, कारण केशराचा रंग आणि वास त्यात उतरायला वेळ मिळतो.

कोथिंबीरवडीचे उंडे शनिवारी संध्याकाळी वाफवून घ्यायचे. एक मोठी जुडी निवडून, धुऊन, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करावी आणि मगच चिरावी. चिरलेली कोथिंबीर चार वाट्या भरली तर दीड वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ, तीळ, वाटलेली मिरची-आले-लसूण, हळद, मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेल. पाणी जवळजवळ लागत नाही, कारण मीठ लागल्यावर कोथिंबिरीलाच पाणी सुटते. लागलेच तर हात ओला करून मळावे. तेल लावलेल्या चाळणीत वीस मिनिटे वाफवून, उंडे पूर्ण गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी कापावेत. गरम उंडा कापला तर सुरीला चिकटतो आणि वडीचे तुकडे पडतात. रात्रभर थंड झालेला उंडा वडी मोडल्याशिवाय अर्धा सेंटिमीटर जाडीचाही कापता येतो.

मसालेभाताला चार वाट्या तांदूळ घेणार आहे. माझ्या वाटीने ते साधारण सातशे ग्रॅम होतात. इतर पदार्थ असल्यामुळे तेवढे पुरतात. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचे. फोडणीला तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, दोन तमालपत्रे, पाच-सहा लवंगा, दालचिनीचा तुकडा. त्यावर उभी चिरलेली तोंडली आणि मूठभर काजू परतून मग तांदूळ. तांदळाचा दाणा हाताला गरम लागेपर्यंत परतावा, चार चमचे गोडा मसाला घालावा आणि शेजारच्या बर्नरवर उकळत ठेवलेले आठ वाट्या पाणी ओतावे. मीठ, सुपारीएवढा गूळ, झाकण. वाढताना खोबरे, कोथिंबीर आणि साजूक तूप. हा भात पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी झालेला असावा. जाड बुडाच्या पातेल्यात तो तासभर गरम राहतो आणि तेवढ्या वेळात चांगला मुरतो.

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरी शेवटचा पदार्थ कोणता असतो?

नवशिका

ताई, धागा वाचून धीर आला. मी नोकरीनिमित्त नाशिकला एकटा राहतो. माझ्याकडे इंडक्शनची एक शेगडी आणि तीन लिटरचा कुकर आहे. बारा माणसे फार दूरची गोष्ट झाली. माझा रोजचा प्रश्न असा आहे की वरण, भात आणि भाजी एकाच शेगडीवर तासाभराच्या आत कशी करावी? आमटी करायला गेलो की डाळ दाताखाली येते. चार शिट्ट्या काढल्या तरी तीच गत.

मोजपट्टी

नवशिका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, मग मूळ विषयाकडे येतो.

कुकरमध्ये एकावर एक बसणारे दोन डबे घ्या. तळाशी दोन पेरे पाणी, खालच्या डब्यात डाळ आणि वरच्यात तांदूळ. बटाटे हवे असतील तर ते धुऊन डब्यांच्या कडेला. तुरीच्या डाळीला अडीचपट पाणी, चिमूटभर हळद आणि थेंबभर तेल. तांदळाला दुप्पट पाणी. डाळ निदान अर्धा तास भिजवलेली असावी. चार शिट्ट्यांनंतर आच मंद करून पाच मिनिटे ठेवा आणि कुकर आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडणारा माणूस अर्धी शिजवण वाया घालवतो, कारण शेवटची मऊपणाची क्रिया त्या मुरण्यातच होते.

डाळ दाताखाली येण्याचे कारण बहुधा असे आहे की तुम्ही टोमॅटो, चिंच किंवा आमसूल डाळीबरोबरच कुकरला लावत आहात. आंबट पदार्थाच्या सान्निध्यात डाळीच्या पेशींची भिंत लवकर मऊ होत नाही. आधी डाळ शिजवून घोटावी, मग फोडणीत ओतावी आणि त्यानंतर चिंचेचा कोळ व गूळ घालून दोन उकळ्या काढाव्यात. बोअरवेलच्या जड पाण्यानेही डाळ शिजायला उशीर लागतो. तसे असेल तर भिजवण्यासाठी आणि शिजवण्यासाठी पिण्याचे गाळलेले पाणी वापरून पाहा.

आता आमसूल यांच्या मसालेभाताबद्दल. आपले बाकीचे सर्व मान्य आहे, पण चार वाट्यांना आठ वाट्या पाणी मला जास्त वाटते. एका वाटीला दोन वाट्या पाणी लागते ते त्यातले बरेचसे वाफेने उडून जाते म्हणून. पातेले मोठे झाले म्हणून उडणारे पाणी चौपट होत नाही. ते पातेल्याच्या तोंडावर, झाकणाच्या घट्टपणावर आणि वेळेवर अवलंबून असते. शिवाय तोंडल्यांनाही पाणी सुटते. माझा अनुभव असा की चार वाट्यांना सात, फार तर साडेसात वाट्या पुरतात. तांदूळ नवा असेल तर सातच.

तेच फोडणीचे. चौघांच्या भाजीला दोन चमचे तेल लागते म्हणून बाराजणांच्या भाजीला सहा चमचे घालू नये, चार पुरतात. हिरवी मिरची आणि लवंग यांना तर प्रमाणाचे गणित मुळीच लावू नये. अंदाजाच्या दोन तृतीयांश घालावे, चाखावे, मग वाढवावे. मीठ मात्र सरळ प्रमाणात लागते. घरी पहिल्यांदा वीस माणसांची खिचडी केली तेव्हा मी पाचपट लवंगा घातल्या होत्या. ती खिचडी दातांच्या औषधासारखी लागत होती, आणि पाहुण्यांनी सौजन्याने दोनदा घेतली, हे अधिक वाईट.

लाखोळी

आमच्या नागपूरकडच्या घरात या नियमाला सर्वांत चांगला बसणारा पदार्थ म्हणजे पाटवडी-रस्सा, आणि तो बेतात नाही याचे आश्चर्य वाटले.

पाटवडी बेसनाचीच असते, त्यामुळे घरात भाजी नसली तरी अडत नाही. एक वाटी बेसनाला दीड ते पावणेदोन वाट्या पाणी घ्यावे. तेलात जिरे, मोहरी, लसूण-मिरचीचा ठेचा आणि हळद घालून त्यावर पाणी ओतावे, मीठ घालावे आणि पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एका हाताने बेसन पेरत दुसऱ्या हाताने घोटावे. गुठळी झाली तर घाबरू नये; आच मंद करून पळीच्या पाठीने कडेला दाबली की ती फुटते. झाकण ठेवून दोन-तीन वाफा आणाव्यात, गोळा पातेल्यापासून सुटू लागला की तेल लावलेल्या ताटात थापावा, वर सुके खोबरे, कोथिंबीर आणि असेल तर खसखस दाबावी आणि गार झाल्यावर शंकरपाळ्याच्या आकारात कापावे.

रस्सा आदल्या दिवशी करावा. उभा चिरलेला कांदा आणि सुके खोबरे वेगवेगळे, चांगले काळपट होईपर्यंत भाजावे. एकत्र भाजले तर कांद्याला रंग येईपर्यंत खोबरे जळते. त्यात भाजलेले धने, खसखस, लवंग, मिरी, दगडफूल, आले आणि लसूण घालून बारीक वाटावे. हे वाटण तेल सुटेपर्यंत परतण्यातच सगळी कसोटी आहे. पंधरा मिनिटे लागतात, आणि त्या पंधरा मिनिटांत फोन घेऊ नये. मग लाल तिखट, गरम पाणी, मीठ. दुसऱ्या दिवशी फक्त उकळी आणायची. वड्या रश्श्यात आधीपासून टाकून ठेवू नयेत, त्या फुगून फुटतात. वाटीत चार वड्या ठेवून वरून कढत रस्सा ओतावा. म्हणजे शेवटचा पदार्थ शिजवण्याचा नाही, नुसता ओतण्याचा.

पुण्याकडच्या मंडळींना तिखट झेपत नसेल तर त्यासाठी तुमचे श्रीखंड आहेच.

ताटवाटी

धागा चांगला आहे, पण दोन गोष्टी खटकल्या म्हणून लिहितो.

पहिली पोळ्यांची. बेताच्या यादीत "पोळ्या" हा शब्द ताईंनी दोन पदार्थांच्या मध्ये अलगद ठेवून दिला आणि पुढे त्याचा उल्लेखही केला नाही. बारा माणसांना तीस पोळ्या लागतात. त्या कोण, कधी आणि कोणत्या बर्नरवर करणार? तव्यावरची पोळी पानात पडणे हेच आमच्या पिढीच्या दृष्टीने आदरातिथ्य होते. अर्थात ती पोळी लाटणारी बाई सगळ्यांचे झाल्यावर, थंड भात घेऊन शेवटी बसत असे, हेही मला आठवते, आणि त्या आठवणीचा आता अभिमान वाटत नाही. म्हणून तक्रार करत नाही, फक्त विचारतो.

दुसरी गोष्ट वाढण्याची. हल्ली सगळे टेबलावर मांडून "घ्या आपापले" म्हणतात. बारा माणसांना ते सोयीचे आहे हे मान्य. परंतु मग पातेल्यांचा क्रम तरी विचाराने लावावा. आपल्या पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे येते. हा क्रम टेबलावर ठेवला तर माणसे आपोआप थोडी चटणी, थोडी कोशिंबीर घेतात. कोशिंबीर टोकाला असली की ती निम्मी उरते.

आणि कोथिंबीरवडी यजमानांनी तळावी. मी निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे तळणीची कढई माझ्याकडे आहे. मध्यम आचेवर, एका वेळी दहाच वड्या, एवढे पथ्य पाळले की त्यात अवघड काही नाही. जास्त वड्या टाकल्या की तेल थंड होते आणि वड्या तेल पितात.

आमसूल

ताटवाटी काका, तुम्ही नेमके पकडले.

पोळ्या मी सकाळी साडेनऊपर्यंत करून मोकळी होते. घडीची पोळी असेल तर ती चार तासांनीही मऊ राहते. पदराला तेल लावून घडी घातली की आतल्या आत वाफ धरते. पाऊण ते एक किलो कणीक, मळताना थोडे जास्त तेल, अर्धा तास झाकून ठेवणे, आणि तव्यावरून उतरल्यावर पोळ्या लगेच डब्यात न कोंबता आधी सुती फडक्यावर क्षणभर पसरून मग एकावर एक ठेवणे. घाईने डबा बंद केला की वाफेचे पाणी होऊन खालच्या दोन पोळ्या ओल्या होतात. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी ओळखीच्या पोळीवाल्या काकूंकडून पोळ्या घ्याव्यात, मात्र आकडा दोन दिवस आधी सांगावा. मी एकदा आयत्या वेळी एका पोळी-भाजी केंद्रातून तीस पोळ्या आणवल्या होत्या. त्या आल्या बावीस, आणि त्याही पापडासारख्या. तेव्हापासून हा प्रयोग बंद.

मोजपट्टी यांचा साडेसात वाट्यांचा सल्ला रविवारी पाळून पाहते. तांदूळ जुना कोलम आहे. आंबेमोहोराचा मसालेभात मलाही प्रिय आहे, त्याच्या वासाला तोड नाही. पण तो थोडा चिकट होतो आणि तासभर पातेल्यात राहिला की त्याचा गोळा होतो, म्हणून चार माणसांच्या जेवणापुरताच ठेवते.

यजमानांना तळणीचे सांगितले आहे. त्यांनी "बघू" म्हटले आहे.

तिरफळ

टोपणनाव आमसूल, आणि बेतात सोलकढी नाही! आमच्या रत्नागिरीत हे चालले नसते.

मठ्ठ्याऐवजी सोलकढी केली तर गॅसच लागत नाही. बारा जणांसाठी दोन मध्यम नारळ आणि वीस-पंचवीस आमसुले. आमसुले दीड वाटी कोमट पाण्यात तासभर भिजवून हाताने चोळावीत आणि पाणी गाळून घ्यावे. नारळाचा चव थोड्या कोमट पाण्याबरोबर वाटून पहिले दाट दूध काढावे, चोथा पुन्हा वाटून दुसरे. लसणाच्या दोन पाकळ्या, एक हिरवी मिरची आणि जिरे नारळाबरोबरच वाटले की वेगळे काही करावे लागत नाही. दोन्ही एकत्र करून मीठ आणि कोथिंबीर. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरणार असाल तर त्यात आधीच भरपूर मीठ असते. वरून घालण्यापूर्वी चाखा. ही कढी सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवली की दुपारी छान लागते, पण दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. आणि ती कोणी गरम करायला ठेवली तर ताबडतोब फुटते, म्हणून भांड्यावर चिठ्ठी लावण्याइतकी काळजी घ्यावी. आमच्याकडे एका पाहुण्याने मदत म्हणून ती गॅसवर ठेवली होती.

मासे खाणारे पाहुणे असतील तर आमचा शेवटचा पदार्थ ठरलेला असतो: तळलेला मासा. बांगड्याला किंवा सुरमईच्या तुकड्यांना सकाळीच मीठ, हळद, तिखट आणि आगळ लावून ठेवायचे, माणसे आली की तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवायचे आणि तव्यावर कमी तेलात तळायचे. आधी तळून ठेवलेला मासा म्हणजे पैसे देऊन आणलेला रबर.

ताक करणारच असाल तर एक सूचना: मठ्ठ्यात आले अगदी शेवटी घाला. कच्च्या आल्यातील विकर दुधातल्या प्रथिनांना तोडते, आणि तीन-चार तास आले घालून ठेवलेल्या ताकाला हलकी कडवट चव येते. पाहुण्यांना कारण कळत नाही, पण ते दुसरा पेला मागत नाहीत.

हिमगाव

मी टोरांटोजवळ राहते. इथे आमच्या मराठी कुटुंबांत प्रत्येकाने एक पदार्थ आणण्याची पद्धत रूढ आहे आणि ती सोयीची आहे, पण आधी ठरवले नाही तर पाच घरांतून पाच वेळा छोले येतात. म्हणून आम्ही यजमान घराकडे भात आणि कढी ठेवतो, कारण या दोन गोष्टी गाडीतून नेल्या तर बिघडतात, आणि बाकीचे पदार्थ वाटून घेतो.

इथल्या काही तडजोडी सांगते. श्रीखंडासाठी बाजारातले ग्रीक योगर्ट चालते, परंतु ते तसेच वापरू नये. त्यातही पाणी असतेच. पातळ कापडात बांधून चाळणीवर ठेवून फ्रीजमध्ये चार-पाच तास निथळू द्यावे. पूर्ण स्निग्धांशाचे घ्यावे; बिनस्निग्ध योगर्टचे श्रीखंड खडूसारखे कोरडे लागते. ओल्या नारळासाठी गोठवलेला किसलेला नारळ मिळतो. तो वाढण्याआधी खोलीच्या तापमानाला आणावा, नाहीतर गरम मसालेभातावर बर्फ पेरल्यासारखे होते. "बटरमिल्क" नावाने मिळणारे इथले ताक दाट आणि खारट असते, त्याचा मठ्ठा चांगला होत नाही. साधे दही घुसळलेले बरे.

भरीत मात्र इथे जास्त सोपे आहे. वांग्यांना टोचे मारून, तेलाचा हात लावून, ओव्हनच्या वरच्या आचेखाली तीस-चाळीस मिनिटे ठेवले की चार मोठी वांगी एकदम भाजून होतात. गॅसच्या जाळावरचा धुरकट वास येत नाही, हे खरे. माझे माहेर जळगावचे आहे. आमच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि ती हिरवट-पांढरी वांगी तुरकाठ्यांवर भाजतात. त्यामुळे ओव्हनमधल्या भरिताला मी भरीत म्हणते, पण आईला त्याचे फोटो पाठवत नाही.

नवशिका

मोजपट्टी सर, डाळ शिजली! दोष टोमॅटोचाच होता. आता पुढचा प्रश्न: रात्री जास्त भात लावून सकाळी फोडणीचा भात करून डब्यात नेतो. सहकारी म्हणतात की शिळा भात खाऊ नये. त्यात तथ्य आहे का?

मोजपट्टी

शिळा भात वाईट नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वाईट. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवतानाही टिकून राहतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातले उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून दोन तासांच्या आत भात पसरट भांड्यात काढून, थोडा निववून फ्रीजमध्ये ठेवावा. खोल पातेल्यात ठेवला तर मधला भाग बराच वेळ गरम राहतो. दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून खावा. फोडणीचा भात तर फ्रीजमधल्या भाताचाच मोकळा होतो, कारण थंड झालेला दाणा घट्ट होतो आणि परतताना मोडत नाही.

आमसूल, हेच तुमच्या मसालेभातालाही लागू आहे. तो तासभर पातेल्यात मुरणे ठीक. चार वाजेपर्यंत गप्पा रंगल्या म्हणून टेबलावर विसरू नये.

ताटवाटी

नवशिका, फोडणीच्या भातात शेंगदाणे आधी तळून बाजूला काढा आणि शेवटी मिसळा. डब्यात दुपारपर्यंत कुरकुरीत राहतात.

आमसूल

रविवार पार पडला. वृत्तान्त लिहिते.

साडेसात वाट्या पाण्याचा भात अगदी मोकळा झाला; मोजपट्टी यांचे आभार. पुढच्या वेळी सव्वासात घालून पाहीन, कारण तोंडली कोवळी होती आणि त्यांना बरेच पाणी सुटले. लवंगा पाचच घातल्या.

बटाट्याच्या भाजीबद्दल मूळ लेखात लिहिले नव्हते, कारण ती सगळ्यांनाच येते. दोन किलो बटाटे आदल्या रात्री उकडून सालासकट ठेवले होते; गार बटाटा चिरताना फुटत नाही आणि भाजीचा लगदा होत नाही. एवढीच त्यातली खुबी.

खमंग काकडी मात्र थोडी चुकली. काकडी चोचवून, मीठ लावून, पाणी पिळून ठेवली होती आणि दाण्याचे कूट वाढताना घालायचे असे मुलाला बजावले होते. त्याने ते उत्साहाने अकरा वाजताच घातले. दीडपर्यंत कुटाने उरलेसुरले पाणी शोषून घेतले आणि कोशिंबिरीची जवळजवळ चटणी झाली. वरून थोडी नवी काकडी चिरून वेळ निभावली. पिळून काढलेले पाणी संध्याकाळच्या थालीपिठात गेले.

कोथिंबीरवडी यजमानांनीच तळली. ताटवाटी काकांचे दहाचे पथ्य त्यांनी पहिल्या दोन घाण्यांपर्यंत पाळले. अडचण निराळीच आली. वडी तळताना बाहेर वास गेला, दोघे पाहुणे "पाहू तरी" म्हणून आत आले, मग आणखी दोघे आले, आणि सत्तर वड्यांपैकी निम्म्या ओट्याशीच उभ्याने संपल्या. पाने वाढली तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला तीन-तीनच आल्या. माझ्या नणंदेच्या सासूबाई, ज्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त धाकधूक होती, त्या स्टूल ओढून कढईजवळ बसल्या आणि त्यांनी यजमानांना झाऱ्या कसा धरावा ते शिकवले. माझ्या नियमाप्रमाणे मी बाहेर बसायचे होते. प्रत्यक्षात सगळे आत आले.

सोलकढी केली नाही, तिरफळ यांची क्षमा मागते. आले शेवटी घातल्यामुळे मठ्ठा मात्र सगळा संपला.

तिरफळ

क्षमा केली. पुढच्या वेळी वड्यांचे उंडे दुप्पट करा आणि अर्ध्या वड्या आधीच "ओट्यावरच्या" म्हणून धरा.

लाखोळी

आणि पाटवडी?

आमसूल

पुढच्या महिन्यात. रश्श्याचे वाटण परतताना फोन बंद ठेवीन, हे आत्ताच सांगते.

नवशिका

ताई, मसालेभात उरला का? उरला असेल तर त्याचे काय केले? माझ्याकडे या शनिवारी तीन मित्र येणार आहेत, मी तुमच्याच कृतीने निम्म्या मापात करणार आहे आणि माझा अंदाज नेहमी चुकतो.

आमसूल

दीड वाटी उरला होता, लगेच फ्रीजमध्ये ठेवला होता. तो कुस्करून त्यात मावेल एवढे ज्वारीचे पीठ आणि मूठभर बेसन, बारीक चिरलेला कांदा, तिखट, कोथिंबीर आणि ते काकडीचे पाणी घालून मळले आणि थालीपिठे लावली. लवंग-तमालपत्र आधी निवडून काढावे लागते. तव्यावर झाकण ठेवून एक बाजू मंद आचेवर खरपूस करावी, मग उलटावे. इंडक्शनवर मध्येच खूप तापते, म्हणून तवा दोन-तीनदा थोडा सरकवावा.

तुम्ही चौघे आहात आणि फक्त भात-ताक करणार असाल तर निम्मे माप, म्हणजे दोन वाट्या तांदूळ, बरोबर आहे. पाणी मात्र पावणेचार वाट्या घ्या. तुमचे भांडे लहान आहे.